शेजारचं दार

दोघा भावांत कारखाना वाटला गेला
तेव्हा माग मोजले, रंगाच्या टाक्या मोजल्या,
साखर पेठेतलं दुकान, दोन टेम्पो,
एक जुना वजनकाटा, तोही भांडणासकट.
कोड कुणी मोजला नाही.
तो माझ्याकडे होता, म्हणजे कुणाकडेच नव्हता.

मल्लेशम शेठ म्हणाले, नाव बदल.
आता येलदंडी ब्रदर्स नाही, येलदंडी कन्या.
दोन मुलींचा बाप. पाटी आधीच रंगवून आणलेली,
अक्कलकोट रोडच्या शेडवर अजून ओली.
किती वेळ लागेल?
म्हटलं, पाच मिनिटं.
आणि खरंच पाचच लागली.

मोठ्या रेपोच्या पोटात चार लहान:
टॉवेलची नक्षी, सुताचा हिशेब,
मागांचे काउंटर,
आणि हप्ता, म्हणजे शनिवारचा पगार.
पोटात म्हणायचं आपलं. आत काहीच नसतं.
असते चाळीस अक्षरांची एक खूण,
आणि बाहेरच्या एका फायलीत पत्ता:
अमुक ठिकाणी जा, तिथं ही खूण शोध.
कपाट उघडावं
आणि कपड्यांऐवजी लॉन्ड्रीची पावती निघावी, तसं.

पत्ते चारही जुन्या नावाचे.
तरी चालत होतं. सर्व्हर भला,
जुन्या दारात उभा राहून
येईल त्याला नव्या दाराकडे पाठवायचा,
कुरकुर न करता, रात्री-बेरात्री.
मीही पत्ते बदलले नाहीत. उद्या करू.
त्रेचाळीस अंशांत
'उद्या' हा एकच शब्द गार लागतो.

तीन आठवड्यांनी धाकट्या शेठनी एक पोरगा ठेवला.
त्याची चूक नाही. जुनं नाव
वाटणीत त्यांच्याकडेच गेलं होतं.
त्यानं त्या नावाखाली पगाराचा नवा रेपो उघडला
आणि नाव ठेवलं हप्ता.
दुसरं काय ठेवणार?
आत एक फाईल, फायलीत एक ओळ: नमस्कार.

त्या क्षणी भला सर्व्हर दारातून उठून गेला.
घरमालक आल्यावर राखणदाराचं काय काम.

शनिवारी दुपारी नव्या मशीननं हप्ता मागितला
तर समोर नमस्कार.
ही खूण इथं सापडत नाही, म्हणाली.
गेटाशी एकशे बारा माणसं.
कांड्या भरणारी अंबुबाई खिडकीतून वाकली.
काय झालं गं?
पत्ता चुकला.
कुणाचा?
मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या लॅपटॉपवर सगळं होतं, जुनं, अख्खं.
शोधता शोधता हजेरीचा तक्ता उघडला गेला
आणि त्यातला पत्त्याचा रकाना मी पहिल्यांदा वाचला.
कोडमच्या गिरणीला लागून.
वरच्याच घरात.
अंबुबाईच्या पलीकडे.
घर नंबर कुणीच लिहिला नव्हता.
सिद्राम हत्तुरेनं भरून घेतलेला हा तक्ता,
मी यायच्या आधी. तो आता भिवंडीत,
फोन लागत नाही.
नोंदीखाली त्याचं वाक्य अजून आहे:
वीज गेली. उरलेलं उद्या.

मी पत्ते खोडले. चारही.
पूर्ण नाव, पूर्ण वाट, कुणाचं आडनाव, काही ठेवलं नाही.
नुसती दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ,
म्हणजे एक पायरी वर चढ,
मग शेजारचं दार.
आता अख्खी आळी उचलून कुठंही नेली
तरी शेजारी शेजारीच राहील.
मशीनला सांगितलं, जुने पत्ते विसर, हे घे.
तिनं दोनदा नाही म्हटलं.
एकदा चूक माझी, स्पेलिंगची.

सहा वाजून वीस मिनिटांनी हप्ता निघाला.
अंबुबाईनं पाकीट फोडलं, नोटा मोजल्या,
थुंकी लावून पुन्हा मोजल्या.
पाकिटावर छापलेलं: येलदंडी ब्रदर्स.

चार हजार पाकिटं आहेत अजून, मुनीम म्हणाले.
ती संपेपर्यंत हीच.